चकती आणि तिचा वाचक

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि रुमालात बांधलेले मोडी कागद येतात. ही साधने नाना प्रकारची असली तरी ती वाचायला उजेड, डोळे आणि लिपीचे ज्ञान एवढे पुरते. ताम्रपट मातीत कित्येक शतके पडून राहिला तरी पुसून तो वाचता येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र माणसाने असे एक साधन घडविले की ज्यावरील मजकूर डोळ्यांना दिसतच नाही. ती तपकिरी, पातळ चकती उजेडात कितीही फिरवून पाहा, तिच्यावर एक अक्षरही आढळायचे नाही. मजकूर हवा असेल तर एक यंत्र हवे आणि ते चालू स्थितीत हवे. ही चकती म्हणजे फ्लॉपी आणि तिचे वाचक-यंत्र म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह.

आपल्या सीमाभागात कितीतरी घरांतून मोडी कागदांची गाठोडी आहेत. कागद शाबूत आहेत, पण वाचणारा आजोबांबरोबर गेला. मोडीच्या बाबतीत हे घडायला दोन पिढ्या लागल्या. फ्लॉपीच्या बाबतीत ते तीस वर्षांत घडले. मी इतिहासाचा एम. ए.; यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. तरीही आमच्या शाळेच्या कामासाठी गेल्या वर्षी बंद पडलेल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या मागे लागणे मला भाग पडले. त्या खटाटोपात ध्यानात आले ते असे की, यंत्रातला दोष शोधणे हीही एक ऐतिहासिक चिकित्साच आहे. पुष्कळशा दोषांमागे त्या यंत्राच्या जन्मकथेतील एखादी तडजोड दडलेली असते. ती कथा ठाऊक असली की दोष लवकर सापडतो.

धुळीशी जन्मजात वैर

फ्लॉपीचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. १९६७ मध्ये तेथे एक काम हाती घेण्यात आले. कंपनीच्या मोठ्या संगणकांना सुरू होताना काही मूळ सूचना वाचून घ्याव्या लागत. त्या सूचना दूरदूरच्या गिऱ्हाइकांकडे टपालाने पाठविता येतील असे स्वस्त साधन हवे होते. अॅलन शुगार्ट यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले आणि डेव्हिड नोबल यांनी ते पुढे नेले. चुंबकीय लेप दिलेली प्लास्टिकची लवचिक चकती हे उत्तर सापडले, पण उघड्या चकतीवर धूळ बसे आणि वाचनात चुका होत. म्हणून ती पाकिटात घातली गेली व पाकिटाला आतून मऊ कापडाचे अस्तर लावले गेले. चकती फिरते तसतशी ती आपोआप पुसली जाते. १९७१ मध्ये बाहेर पडलेली ही पहिली फ्लॉपी ८ इंचांची होती. तिच्यात सुमारे ८० किलोबाइट मजकूर मावे आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रात ती फक्त वाचता येई. लिहिता येणारी आयबीएमची फ्लॉपी १९७३ मध्ये आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे हेड चकतीवर तरंगत असते; फ्लॉपीत ते चकतीला प्रत्यक्ष घासत असते. त्यामुळे चकतीवरची धूळ, बुरशी आणि सुटलेला लेप हे सगळे हेडवर जाऊन बसते. फ्लॉपी वाचत नाही ही तक्रार आली की पहिला संशय मळलेल्या हेडवर घ्यावा, तो यासाठी.

शुगार्ट यांनी पुढे आयबीएम सोडली आणि १९७३ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तिने १९७६ मध्ये सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह बाजारात आणला. त्याची क्षमता होती सुमारे ११० किलोबाइट. टेबलावरच्या छोट्या संगणकाला परवडणारा ड्राइव्ह आता मिळाला. १९७८ मध्ये अॅपल कंपनीसाठी स्टीव्ह वॉझनियाक यांनी याच घराण्यातला ड्राइव्ह घेऊन त्यातील बरेचसे सुटे भाग काढून टाकले आणि त्यांचे काम आज्ञावलीवर सोपविले. त्यात हेड पहिल्या मार्गावर आहे की नाही हे सांगणारा संवेदकही गेला. मग हेड पहिल्या मार्गावर न्यायचे कसे? ते मागे, आणखी मागे ढकलत राहायचे, अडसराला आपटले की आपोआप जागेवर येते! म्हणून त्या ड्राइव्हची सुरुवातीची खडखड हा दोष नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. कमोडोर कंपनीच्या १५४१ या ड्राइव्हमध्येही हेड असेच आपटे, आणि तेथे वारंवार आपटून ते जागचे हलल्याच्या तक्रारी होत. आवाज तोच, पण एका घरी तो निरोगीपणाचा आणि दुसऱ्या घरी आजाराचा. यंत्राचे कूळ विचारल्याशिवाय निदान करू नये, हे वैद्यांप्रमाणे येथेही खरे.

तीन साध्या कामांचे यंत्र

ड्राइव्हला तीन कामे करायची असतात: चकती ठरावीक वेगाने फिरवणे, हेड नेमक्या मार्गावर नेणे आणि तेथील चुंबकीय बदल टिपणे. दोषही याच तीन वाटांनी येतात.

पहिला दोष वेगाचा. बहुतेक फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेतात. जुन्या ड्राइव्हमध्ये मोटरीकडून चकतीकडे ही गती रबरी पट्ट्याने जाई. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला की गाणे रडू लागते, तसेच येथेही होते. वेग तपासण्याची जुनी युक्ती फार सुंदर आहे. ड्राइव्हच्या खालच्या चाकावर काळ्या रेघांची दोन वर्तुळे छापलेली असत, एकावर २० रेघा आणि दुसऱ्यावर २४. आपल्याकडच्या ५० आवर्तनांच्या विजेवर जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. चाक सेकंदाला ५ फेरे घेते. म्हणजे दोन लुकलुकींच्या दरम्यान चाक नेमके एक रेघ पुढे जाते आणि २० रेघांचे वर्तुळ स्तब्ध उभे असल्यासारखे दिसते. रेघा पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त, मागे सरकताना दिसल्या तर कमी. २४ रेघा ६० आवर्तनांच्या अमेरिकेसाठी. नववीच्या मुलांना ही त्रैराशिकाची गंमत दाखवावी. मात्र आजच्या एलईडी दिव्याखाली ती जमेलच असे नाही.

दुसरा दोष मार्गाचा. हेड ज्या दांड्यांवरून सरकते त्यांवरचे वंगण वर्षानुवर्षांनी चिकट, मेणासारखे होते आणि हेड मध्येच अडकते. याहून फसवा प्रकार म्हणजे हेड किंचित बाजूला सरकलेले असणे. असा ड्राइव्ह स्वतः लिहिलेली फ्लॉपी छान वाचतो, दुसऱ्याने लिहिलेली वाचत नाही. मालकाला वाटते, आपला ड्राइव्ह उत्तम आणि जगातल्या फ्लॉप्या खराब. माणसांतही हा दोष आढळतो, असो.

सव्वापाच इंची फ्लॉपीत आणखी एक गुंता आहे. ३६० किलोबाइटच्या जुन्या ड्राइव्हमध्ये एका इंचात ४८ मार्ग असत. १९८४ मध्ये आयबीएमच्या एटी संगणकाबरोबर १.२ मेगाबाइटचा ड्राइव्ह आला. त्यात इंचाला ९६ मार्ग, म्हणजे हेडही अरुंद. जुन्या ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी नव्यात दुरुस्त केली की काय होते? फळ्यावर जाड खडूने लिहिलेली ओळ अरुंद डस्टरने फक्त मधोमध पुसावी आणि त्या पट्टीत नवे लिहावे, तसे. कडांना जुने शिल्लकच राहते. रुंद हेडला जुने-नवे एकदम दिसते आणि ते गोंधळते. अरुंद हेड मात्र मधली पट्टी बिनचूक वाचते. फ्लॉपी कोणत्या यंत्रांतून फिरत आली, तिचा हा प्रवास ठाऊक असल्याखेरीज तिला कोणता वाचक द्यावा हे ठरत नाही.

साडेतीन इंची, कडक कवचाची फ्लॉपी सोनी कंपनीने १९८१ मध्ये आणली आणि १९८७ मध्ये तिचा १.४४ मेगाबाइटचा प्रकार आला. नव्वदीत आपल्याकडे ‘फ्लॉपी’ म्हणजे मुख्यतः हीच.

आपल्याकडची कहाणी

भारतातील शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाने झाला. त्यासाठी इंग्लंडातील एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला होता. आमच्यासारख्या खेड्यातल्या शाळांपर्यंत तो कधी पोचला नाही. आमच्याकडे पहिला संगणक आला तो १९९५ मध्ये, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून, आणि त्याला सव्वापाच व साडेतीन इंची असे दोन्ही ड्राइव्ह होते. मी तेव्हा नुकताच साहाय्यक शिक्षक म्हणून लागलो होतो.

पुढच्याच वर्षी शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. स्मरणिकेसाठी आम्ही शिक्षकांनी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून आणल्या. काही मजकूर शाळेत, काही छापखान्यात टंकित झाला. कागदाचा भाव आणि जाहिरातींची चणचण यांमुळे स्मरणिका ९६ पानांवर आटोपावी लागली आणि आठवणींचा मोठा भाग छापावाचून राहिला. हस्तलिखिते एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ली. उरल्या त्या १५ फ्लॉप्या: नऊ साडेतीन इंची, सहा सव्वापाच इंची. ज्यांच्या आठवणी त्यांत होत्या त्यांपैकी आज एकही माणूस हयात नाही. त्यामुळे हे काम छंदाचे नव्हते.

बाहेरून आत

जुना संगणक केव्हाच निकामी झाला होता, पण दोन्ही ड्राइव्ह कपाटात होते. शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्याला संगणकाच्याच क्षेत्रात आहे. गणपतीच्या सुटीत तो येताना भंगारातून फ्लॉपीची जोडणी असलेला जुना मदरबोर्ड घेऊन आला. दुसरे मदतनीस म्हणजे आमच्या बाजारपेठेतील टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे कारागीर. कानडी घरातले, सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो. ड्राइव्ह हातात घेताच ते म्हणाले, “मोदलु हेड क्लीन माडबेकु, सर.” आधी हेड साफ करा! आयबीएमच्या प्रयोगशाळेला जे कळायला काही वर्षे लागली ते अण्णांना कॅसेटच्या धंद्याने शिकविले होते.

आम्ही क्रम ठरविला तो बाहेरून आत जाण्याचा. प्रथम वीज: सव्वापाच इंची ड्राइव्हला मोटरीसाठी १२ व्होल्ट आणि बाकी मंडलासाठी ५ व्होल्ट लागतात. मग केबल. ३४ तारांची ती पट्टी उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा लागतो तो विझतच नाही. आमचा तसाच पेटून राहिला आणि केबल फिरविताच विझला. या पट्टीत काही तारांना मुद्दाम पीळ दिलेला असतो. पिळाच्या पलीकडचा ड्राइव्ह ‘ए’, अलीकडचा ‘बी’. हा पीळ पाहून कोणी केबल खराब समजू नये.

त्यानंतर दांड्यांवरचे जुने वंगण पुसून नवे अगदी थोडे लावले. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाच्या काडीने साफ केले. वरचे हेड नाजूक पट्टीवर असते, ते जोराने उचलू नये. पहिली परीक्षा घेतली ती निरुपयोगी फ्लॉपीवर. मळके हेड चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढते आणि तो मजकूर कायमचा जातो.

साडेतीन इंची ड्राइव्हने वेगळाच खेळ केला. पहिली फ्लॉपी काढून दुसरी घातली तरी पडद्यावर पहिलीचीच यादी! फ्लॉपी बदलली हे संगणकाला कळविणारी एक तार असते. तो निरोप पोचला नाही तर संगणक जुनीच यादी खरी मानतो, आणि अशा वेळी काही लिहिले गेले तर नव्या फ्लॉपीचा घात होतो. तो ड्राइव्ह बाजूला ठेवून दुसरा मिळविला. शिवाय प्रत्येक फ्लॉपीला आधीच लेखनबंदी केली होती: सव्वापाच इंचीच्या कडेची खाच अपारदर्शक पट्टीने झाकून, आणि साडेतीन इंचीची कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवून. दोन्हींची रीत एकमेकीच्या उलट आहे.

दोन सव्वापाच इंची चकत्यांवर बुरशीचे पांढुरके ठिपके होते. आमचा पाऊस वाचकांना ठाऊकच आहे. त्या हळूहळू फिरवीत पाकिटाच्या खिडकीतून पुसल्या. मग प्रत्येक फ्लॉपीची पहिल्या मार्गापासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी नक्कल संगणकात घेतली आणि पुढचे सारे काम नकलेवरच केले. छापखान्यातील ३६० किलोबाइटच्या फ्लॉप्या शाळेच्या नव्या ड्राइव्हवर दुरुस्त झाल्या होत्या. त्यांना अरुंद हेडाचा ड्राइव्हच मानवला. १५ पैकी १२ पूर्ण वाचल्या गेल्या, दोन अर्ध्यामुर्ध्या, एक मुळीच नाही.

दुसरा वाचक

आनंदाने फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी! ड्राइव्हने आपले काम चोख केले होते. आता दोष यंत्राचा नव्हता, लिपीचा होता.

देवनागरीसाठी संगणकीय संकेतांचे इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. परंतु छपाईच्या बाजारात तेव्हा ज्याचा त्याचा फॉन्ट होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे बसविलेली असत आणि हे बसविणे प्रत्येकाचे वेगळे. तो फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे अगम्य मोडी. कन्नड मजकुराचीही हीच गत आहे. शेजारच्या कानडी शाळेतील मुख्याध्यापकांनी त्यांच्या जुन्या फाइली मला दाखविल्या, त्यांतही अशीच खिचडी. भाषेचा वाद असो नसो, या बाबतीत आम्ही दोघे एकाच नावेत आहोत.

आमची किल्ली ठरली ती छापील स्मरणिका. तिच्यात छापलेला एक लेख फाइलमध्येही होता. दोन्ही शेजारी ठेवून कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर हे मुलांनी चार शनिवारांत ताडून काढले. रोझेटाच्या शिळेवरून इजिप्तची चित्रलिपी उलगडली ती कथा मी इतकी वर्षे शिकवीत आलो. ती रीत या मुलांनी हातांनी करून पाहिली. ऱ्हस्व वेलांटी फाइलमध्ये अक्षराच्या आधी येते आणि रफार नंतर, ही अडचणही त्यांनीच सोडविली. तेवढी जागांची अदलाबदल करणारी छोटी आज्ञावली त्या माजी विद्यार्थ्याने लिहून दिली.

असा प्रसंग थोरामोठ्यांच्या बाबतीतही घडला आहे. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रे फ्लॉप्यांवर पडून होती. ती २०१४ मध्ये परत मिळविली गेली. तेथेही फ्लॉपी वाचून भागले नाही. चित्रे ज्या पद्धतीने साठविली होती ती अपरिचित असल्याने तिचा उलगडा निराळा करावा लागला.

आमच्या फाइलींतून काय निघाले? शाळेत आलेल्या पहिल्या तीन मुलींपैकी एकीची आठवण स्मरणिकेत एका ओळीत आली होती: ‘मुलींच्या शिक्षणाला सुरुवातीस विरोध झाला.’ फाइलमध्ये तिची पूर्ण सात पाने आहेत. विरोध करणारे कोण, हे तिने स्वच्छ सांगितले आहे. त्यात तिचे चुलते आहेत. पाठराखण केली ती गणिताच्या कानडी मास्तरांनी. ते तिच्या घरी जाऊन बसले आणि मुलीला पाठविल्याशिवाय चहा घेणार नाही म्हणाले. तिची भाषा अर्धी मराठी, अर्धी कानडी आहे आणि आमच्या शिक्षकाने ती तशीच उतरविली आहे. आमच्या गावचा इतिहास या सात पानांत आहे; त्या एका ओळीत तो नव्हता. ती पाने मी तिच्या नातीकडे दिली. ती आज कन्नड शाळेत शिक्षिका आहे. तिने ती आपल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखविली.

वेळ थोडा आहे

अॅपलने १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला आणि सोनीने २०११ मध्ये जपानातील फ्लॉपीची विक्री थांबविली. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाच्या एका संदेशयंत्रणेत ८ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत टिकून होती. जपान सरकारने अर्ज-कागदपत्रे फ्लॉपीवर देण्याविषयीचे नियम २०२४ मध्ये रद्द केले. नवे ड्राइव्ह आता कोणी घडवील अशी आशा नाही. जे आहेत तेच जपायचे, दुरुस्त करायचे.

सीमाभागातील वाचनालये, गणेशोत्सव मंडळे, पतसंस्था, नाट्यसंस्था यांच्या स्मरणिका नव्वदीत फ्लॉपीवरच तयार झाल्या. त्या डब्या अजून कोठे कोठे कपाटांच्या तळाशी असतील. माझी विनंती एवढीच की, त्या टाकू नका आणि सहज म्हणून कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालूही नका. कोरड्या जागी, लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा. फ्लॉपीवर चिकटविलेली चिठ्ठी काढू नका. कोणत्या यंत्रावर, कोणत्या फॉन्टमध्ये काम झाले होते हे आठवणाऱ्या माणसाला आजच विचारून लिहून घ्या. आणि त्या काळची छापील प्रत सापडली तर ती फ्लॉपीबरोबरच ठेवा, कारण उद्या तीच किल्ली ठरेल.

आमची न वाचली गेलेली एक फ्लॉपी मी जपून ठेवली आहे. तिच्या चिठ्ठीवर ‘शिपाईमामांच्या आठवणी’ एवढेच लिहिलेले आहे. तिला मानवेल असा ड्राइव्ह कोणाकडे असेल तर त्यांनी या अंकाच्या संपादकांना अवश्य कळवावे.